असर नेमकी कुठे निसटते?

पत्र :

'आपा, अस्सलामु अलैकुम. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेला दोन महिने उरलेत. पाच वक्त नमाज सोडायची नाही असं दर महिन्याला ठरवते आणि दर महिन्याला ते मोडतं. पहाटेच्या फजरला उठले तर दिवसभर पेंग येते. दुपारनंतरची असर लायब्ररीत निघून जाते, सूर्यास्तानंतरची मगरिब घाईघाईत होते, इशा रात्री बारानंतर डोळे मिटता मिटता. मागच्या आठवड्यात कडक वेळापत्रक केलं : तहज्जुद (मध्यरात्रीनंतरची ऐच्छिक नमाज), रोज एक पारा (कुरआनचा तिसावा भाग) आणि आठ तास अभ्यास. चौथ्या दिवशी सगळंच बंद पडलं. अभ्यासाला बसले की अल्लाहचा विसर पडलाय असं वाटतं आणि जानमाजवर (नमाजेच्या चटईवर) उभी राहिले की सर्किटचं गणित डोक्यात फिरतं. मैत्रीण म्हणते, अभ्यास हीच इबादत (उपासना), परीक्षा होईपर्यंत नमाज राहू दे. मागचा एक पेपर वाईट गेला तो कजा झालेल्या, म्हणजे वेळ टळलेल्या, नमाजांमुळेच, असंही मनात येत राहतं. काय करू?'

उत्तर :

वालैकुम अस्सलाम, बेटा.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी एकाच वाक्यापाशी थांबले : 'असर लायब्ररीत निघून जाते.' फजर झोपेत जाते, ते कळतं. इशा थकव्यात सापडते, तेही कळतं. पण असरच्या वेळी तू जागी असतेस, वजूचं (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याचं) पाणी दोन मिनिटांच्या अंतरावर असतं, आणि तरीही ती जाते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं, म्हणून फजर सोडून मी असरपासून सुरुवात करते.

विद्यार्थिनी असताना माझीही असरच जायची. समोर पुस्तक, मनात 'एवढं उदाहरण संपवते आणि उठते.' ते उदाहरण संपायचं, त्याला लागून पुढचं सुरू व्हायचं. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर चढायचं, पिवळं पडायचं, आणि मग पोटात गोळा यायचा. एक दिवस चिडून मी घड्याळ समोर ठेवलं आणि सगळं मोजलं. वजूला तीन मिनिटं. असरच्या चार फर्ज रकात, म्हणजे नमाजेची चार सक्तीची आवर्तनं, अजिबात घाई न करता, सात मिनिटं. जाऊन-येऊन धरलं तरी पंधरा मिनिटांत मी परत खुर्चीवर होते. पण त्या आधी 'आता उठते, मग उठते' करण्यात सव्वा तास गेला होता, आणि त्या सव्वा तासात वाचलेली पानं मला दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी लागली. अर्धं मन पुस्तकात आणि अर्धं घड्याळात असल्यावर दुसरं काय होणार?

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की अभ्यासाचा वेळ नमाज खात नाही. पुढे ढकललेली नमाज खाते. दिवसभरातल्या फर्ज रकात मोजून सतरा : फजरच्या दोन, दुपारच्या जोहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन, इशाच्या चार. त्यांच्यासोबतच्या सुन्नत (पैगंबरांच्या प्रथेतल्या जादा रकात) आणि वित्र (इशानंतरच्या विषम रकात) धरून, वजूसकट, माझा हिशेब साधारण सव्वा तासाचा होतो. तुझा थोडा कमी-जास्त होईल. एक दिवस तूही मोज. अंदाज बांधू नकोस, खरंच घड्याळ लावून मोज. डोक्यात 'नमाजेला वेळ लागतो' हे जे ओझं असतं, ते आकडा कागदावर आला की निम्मं उतरतं.

आता वेळापत्रकाबद्दल. तू आठ तासांचा अभ्यास आधी मांडलास आणि उरलेल्या फटींमध्ये नमाज बसवल्यास. फटीत बसवलेली गोष्ट पहिल्या धक्क्याला बाहेर पडते. मांडणी उलटी कर. सूरह निसाच्या १०३ व्या आयतीत म्हटलंय की नमाज ईमानवाल्यांवर ठरलेल्या वेळांना फर्ज केलेली आहे. म्हणजे दिवसाचे पाच खांब तुला आयते उभे करून दिलेत. ते तू रोवायचे नाहीस, हलवायचेही नाहीस. तू फक्त दोन खांबांच्या मध्ये काय बांधायचं ते ठरवायचं. 'दुपारी चार ते सहा गणित' असं लिहू नकोस. 'जोहर ते असर गणित' असं लिही. फरक शब्दांचा वाटेल, पण तो आठवड्याभरात जाणवतो. चार ते सहा ही वेळ तू स्वतःला दिलेली असते, ती मोडली तरी कुणी विचारत नाही. असरची वेळ मात्र तू ठरवलेली नसते.

यात एक अडचण आहे आणि ती लक्षात घ्यायला हवी. हे खांब ऋतूप्रमाणे सरकतात. हिवाळ्यात जोहर ते मगरिब बघता बघता संपतं, उन्हाळ्यात इशा उशिरा येते आणि फजर लवकर. म्हणून वर्षभराचं एकच वेळापत्रक करू नकोस. दर पंधरा दिवसांनी आपल्या भागातल्या वेळा बघ आणि अभ्यासाचे तुकडे त्याप्रमाणे लहान-मोठे कर. असरची वेळ कधी सुरू होते यात मजहबांमध्येही (इस्लामी विधिपरंपरांमध्ये) फरक आहे : शाफईंसह बहुतेकांच्या मते सावली वस्तूएवढी झाली की (भर माध्यान्हीची सावली वगळून), हनफी मतानुसार दुप्पट झाली की. तुझ्या घरी जे मानतात ते धर. ते माहीत असलं की जोहरला तुझ्या हातात खरोखर किती वेळ आहे हे कळतं.

(या वेळा काढण्याच्या गरजेतूनच किती गणित पुढे गेलं हे तुला आवडेल, म्हणून सांगते. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अश-शातिर हे मुवक्कित होते, म्हणजे नमाजेच्या वेळा ठरवणारे. तेच त्या काळातले मोठे खगोलशास्त्रज्ञ. १३७१ च्या सुमारास त्यांनी त्या मशिदीच्या मिनारासाठी सूर्यघड्याळ बनवलं. तुला ज्या दोन गोष्टींची ओढाताण वाटते, त्या दोन्ही त्यांच्याकडे एकाच टेबलावर होत्या.)

जानमाजवर सर्किट डोक्यात फिरतं म्हणतेस, त्यावर मला उपयोगी पडलेला एक उपाय आहे. नमाजेला उठण्याआधी वहीच्या कडेला पेन्सिलने एक ओळ लिही : पुढची पायरी काय आहे. 'इथे किर्चॉफचा दुसरा नियम लावायचा, उजवा लूप राहिला.' बस, एवढंच. अर्धवट राहिलेली गोष्ट मन पुन्हा पुन्हा उगाळतं, कारण ती हरवेल अशी त्याला भीती असते. ती कागदावर टाकली की मन तिला सोडायला तयार होतं. परत आल्यावर 'कुठे होते मी?' यात जाणारी दहा मिनिटंही वाचतात. तरीही विचार आले तर घाबरून नमाज तोडू नकोस, परत परत सुरुवातही करू नकोस. पुढच्या शब्दाकडे ये. ज्या सूरह पढतेस त्यांचा अर्थ तुला माहीत आहे का? नसला तर या दोन महिन्यांत रोजच्या चार-पाच छोट्या सूरहंचा अर्थ शिक. अर्थ माहीत नसेल तर जीभ सवयीने चालते आणि मन मोकळं फिरतं.

वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सीनांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की एखादा प्रश्न सुटेनासा झाला की ते मशिदीत जात, नमाज पढत, दुआ करत आणि परत येऊन कामाला लागत. ॲरिस्टॉटलचा अध्यात्मशास्त्रावरचा ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला, तोंडपाठ झाला, तरी कळला नाही. मग पुस्तकांच्या बाजारात एका दलालाने गळ्यात मारलेलं, तीन दिरहमचं, अल-फाराबींचं एक छोटं पुस्तक हाती आलं आणि सगळं उलगडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शुकराना म्हणून गरिबांना सदका दिला. बेटा, चाळीस वेळा वाचणं आणि शुकराना, दोन्ही एकाच माणसाचं आहे. नमाज पढल्यामुळे त्यांची वाचनाची मेहनत सुटली नाही.

इथून तुझ्या मैत्रिणीच्या वाक्याकडे येते. तिचा हेतू चांगला असेल, पण ती अर्धंच सांगतेय. निय्यत, म्हणजे हेतू, चांगली असेल तर अभ्यासाचंही सवाब (पुण्य) मिळतं, आणि 'कर्मांचा आधार निय्यत' ही हदीस (पैगंबरांचं वचन) तर सहीह बुखारी या संग्रहात पहिलीच आहे. पैगंबरांवर पहिला ईश्वरी संदेश उतरला तोही 'इकरा', म्हणजे 'वाच', या शब्दाने. पण म्हणून अभ्यास नमाजेच्या जागी बसत नाही. एका फर्जाने दुसरं फर्ज फिटत नाही. जी नमाज परीक्षेपुरती बाजूला ठेवली, ती परीक्षेनंतर आपोआप परत येत नाही, हेही मी आजूबाजूला पुष्कळ पाहिलंय. परीक्षेनंतर प्रोजेक्ट असतो, त्यानंतर नोकरी.

आणि वाईट गेलेला पेपर. अल्लाहने तुला शिक्षा केली असं तू कशावरून ठरवलंस? ते ठरवणं आपल्या हातात नाही. उत्तरपत्रिका बघायला मिळत असेल तर ती काढ आणि कोणता प्रश्न का चुकला ते लिही. सूत्र विसरलीस, वेळ पुरला नाही, की तो धडाच राहिला होता? त्याचा इलाज सराव आहे. नमाज गेली त्याचा इलाज तौबा (पश्चात्ताप) आहे आणि ती भरून काढणं. झोपेत किंवा विसरून राहिली असेल तर आठवताच पढावी, हे हदीसमध्ये स्पष्ट आलंय. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेव. एकत्र केलेस की तुझ्या हातून ना तौबा होईल ना सराव, नुसती भीती राहील. साचलेल्या जुन्या कजा नमाजा रोजच्या नमाजेसोबत थोड्या थोड्या फेडायला घे. किती आणि कशा, हे विश्वासातल्या आलिमांना (धर्मपंडितांना) विचारून ठरव.

आता ते कडक वेळापत्रक. ते चौथ्या दिवशी पडलं यात मला नवल वाटत नाही, पण तुझी त्यामागची तळमळ मला दिसते. अब्दुल्लाह बिन अम्र या तरुण सहाबींना (पैगंबरांच्या सोबत्याला) असंच वाटायचं. ते रोज रोजा ठेवत, रात्रभर नमाज पढत. पैगंबरांनी त्यांना बोलावून सांगितलं की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचाही हक्क आहे. महिन्यात तीन रोजे पुरे आहेत म्हणाले. अब्दुल्लाह 'मला याहून जास्त जमेल' म्हणत राहिले आणि वाढवून घेतलं. पुढे म्हातारपणी तेच म्हणायचे, ती सवलत मी तेव्हाच घेतली असती तर किती बरं झालं असतं. आणि पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांची रिवायत (त्यांनी सांगितलेली हदीस) तुला माहीत असेलच : अल्लाहला सगळ्यात प्रिय कर्म ते, जे सातत्याने केलं जातं, मग ते थोडं का असेना.

म्हणून या दोन महिन्यांपुरतं तहज्जुद आणि रोजचा पारा वेळापत्रकातून काढ. मन मोडून काढू नकोस, पुढच्या पायरीसाठी ठेवून दे. फर्ज पक्क्या कर, त्यांच्यासोबतच्या सुन्नत जोड. कुरआनची दोन पानं फजरनंतर, तीही शांतपणे. मदिना मुसहफची (कुरआनच्या मदिनेत छापलेल्या प्रतीची) ६०४ पानं आहेत. रोज दोन म्हटलं तर ३०२ दिवसांत, म्हणजे वर्षाच्या आत, एक कुरआन पूर्ण होतं. तीन दिवस एकेक पारा आणि मग महिनाभर काहीच नाही, यापेक्षा हे पानांनी कमी नाही, आणि ते टिकतं.

फजरचा प्रश्न सकाळी सुटत नाही, तो आदल्या रात्री सुटतो. इशाआधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं पैगंबरांना आवडत नसे. याच्याइतकी विद्यार्थ्याच्या कामाची सवय मला दुसरी दिसत नाही. तू बारानंतर इशा पढतेस म्हणजे बारापर्यंत जागतेस. त्यातला शेवटचा दीड तास खरा अभ्यास किती असतो? वेळ होताच इशा पढ, त्यानंतर फार तर दिवसाची उजळणी आणि दिवा बंद. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि गजरासाठी साधं घड्याळ. अजानच्या आवाजाने फोन हातात घेतेस आणि बंद करता करता चार मेसेज वाचतेस, तिथेच फजरही जाते आणि असरही. नमाजेच्या वेळा कागदावर लिहून टेबलासमोर लावल्यास तर फोनला हात लावायचं कारणच उरत नाही.

उठल्यावर पहिले दहा-बारा दिवस जड जाईल, हे खरं. पेंग आली तर जोहरच्या आगेमागे वीस मिनिटं आडवी हो. कैलूला, म्हणजे दुपारची छोटी झोप, ही तर सुन्नत आहे, तिला आळस समजू नकोस. उन्हाळ्यात रात्र फारच लहान असेल तर फजरनंतर पुन्हा तासभर झोपलीस तरी माझी हरकत नाही. झोप एकूण पुरी झाली पाहिजे, अर्धवट झोपेवर गणित सुटत नाही. पण शक्य असेल तेव्हा फजरनंतरचा तास सगळ्यात अवघड विषयाला दे. पैगंबरांनी उम्मतच्या (आपल्या अनुयायांच्या) सकाळीत बरकत मागितली आहे, आणि त्या तासाला तुला कुणी हाकही मारत नाही.

जोहर आणि मगरिबबद्दल फार सांगायचं नाही. जोहरची मुदत मोठी असते, मधल्या सुट्टीत होऊन जाते. मगरिबची लहान असते, म्हणून त्या आधीच्या अर्ध्या तासात नवा धडा उघडू नकोस, सोपी उजळणी ठेव. कॉलेजमध्ये जागा नसेल तर रिकाम्या वर्गाबद्दल आधीच एकदा विचारून ठेव. संपूर्ण जमीन माझ्यासाठी मशीद केली गेली, असं पैगंबरांनी म्हटलंय. एक स्वच्छ कोपरा आणि पिशवीत मावणारी पातळ जानमाज पुरते.

नमाजांच्या मधल्या अंतराचा आणखी एक उपयोग आहे. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि उजळणी थोड्या थोड्या अंतराने केली तर जास्त टिकते. तुझ्याकडे ती अंतरं तयार आहेत. फजरनंतर शिकलेलं जोहरनंतर पाच मिनिटं पुस्तक न उघडता आठवून लिही, इशानंतर पुन्हा एकदा. नमाजेच्या आत मात्र नाही. तो वेळ दुसऱ्याचा आहे.

महिन्यातल्या ज्या दिवसांत नमाज माफ असते, त्या दिवसांत हे सगळं वेळापत्रक कोसळतं, असं मुली मला नेहमी सांगतात. खांबच नसल्यासारखं होतं. त्या दिवसांतही नमाजेच्या वेळी जागेवरून उठ. तोंडावर पाणी मार, पाच मिनिटं जिक्र (अल्लाहचं स्मरण) आणि दुआ कर, 'रब्बि जिदनी इल्मा' (माझ्या रबा, माझं ज्ञान वाढव) म्हण आणि परत ये. त्या नमाजा नंतर भरायच्या नसतात, त्यामुळे मनावर ओझं घेऊ नकोस. उठण्याची सवय तेवढी मोडू देऊ नकोस.

परीक्षेच्या दिवसाचं गणित आदल्या रात्री मांड. पेपर दुपारचा असेल तर आत जाण्याआधी जोहरची वेळ लागते का, बाहेर आल्यावर असर मिळते का, हे बघून ठेव. एखादी नमाज पूर्णच पेपरच्या वेळेत अडकत असेल तर परीक्षा विभागाला आधी लेखी विचार आणि आलिमांनाही विचार. दोन नमाजा एकत्र पढण्याबाबत मजहबांची मतं वेगळी आहेत, ते हॉलच्या दारात उभं राहून ठरवू नये. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, म्हणजे कधी ना कधी तो तुझ्या परीक्षेत येणारच. तेव्हा अवघड विषय सहरीनंतर (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणानंतर), दुपारी हलकी उजळणी, आणि पेपरच्या आदल्या रात्री तरावीह (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) घरीच छोट्या सूरहंनी. त्याबद्दल वेळ आली की सविस्तर लिही, उत्तर देईन.

आता पहिल्या आठवड्याबद्दल. या सात दिवसांत पाचही नमाजा पढायच्याच, पण सुधारायला फक्त एकच घे, असर. सूरह बकराच्या २३८ व्या आयतीत जिची खास काळजी घ्यायला सांगितलंय ती 'मधली नमाज' बऱ्याच आलिमांच्या मते हीच. उद्याची असर किती वाजता सुरू होते ते आज रात्री बघ आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यांत लिही. लायब्ररीत गेलीस की दारापासून आणि नळापासून जवळची खुर्ची धर, आणि त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी, उदाहरण कितीही रंगात आलेलं असो, कडेला तुझी एक ओळ लिहून उठ. आठव्या दिवशी मला कळव, सातपैकी किती असर वेळेवर झाल्या ते.